पिल्लासाठी घर आवरताना

आमच्याकडे कुणाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवडी बाजारातून पहिली वस्तू येते ती साखळी. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा विकणाऱ्याकडे ती टांगलेलीच असते. गळ्यात पट्टा, अंगणातल्या कडुनिंबाला साखळी, समोर जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, एक चेपलेलं भांडं. झाली पिल्लाची सोय.

"बांदून ठेवा बाप्पा, नाई तं कोन्या गाडीखाली येईन," असं येणारा-जाणारा सांगून जातो. सांगणाऱ्याची माया खरी असते. पण साखळीनं पिल्लू जपलं जातं, हे मला कधीच पटलेलं नाही. सकाळी सावलीत बांधलेलं पिल्लू अकरा वाजता उन्हात असतं; सावली सरकते, साखळी सरकत नाही. विदर्भाचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातं, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच ते अंगातली उष्णता काढतं. अंगणात साप निघाला तर मोकळं पिल्लू चार पावलं मागे पळतं, बांधलेल्याला साखळीच्या लांबीपलीकडे जाता येत नाही. आणि बिबट. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. गावालगत वावरणाऱ्या बिबट्याच्या पोटात कुत्री बरीच जातात, हे अभ्यासकांनी सांगण्याआधीपासून गावाला माहीत आहे. रात्री अंगणात बांधलेलं पिल्लू म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

म्हणून आमचं पिल्लू, भुरी, आली तेव्हा मी ठरवलं, हिला बांधायचं नाही. हिच्या तोंडी लागू नये असं जे जे घरात आहे, ते हलवायचं. हे बोलायला सोपं होतं. शेतकऱ्याच्या घरात असं काय काय असतं, ते हलवायला घेतल्यावर कळत गेलं.

भुरी दिवाळीनंतर आली, ऐन वेचणीच्या दिवसांत. शेजारच्या कुटाराच्या (भुशाच्या) कोठ्यात गावठी कुत्री व्यायली होती. नर पिल्लं मागायला लोक आधीच येऊन गेले होते, ही मादी म्हणून मागे राहिली. मुलाला तिला लगेच उचलून आणायची घाई होती, पण दोन महिन्यांची होईपर्यंत आम्ही तिला आईजवळच ठेवलं. आईच्या दुधातून पिल्लाला रोगांशी लढायची पहिली ताकद मिळते. शिवाय भावंडांशी खेळताना, किती जोरात चावलं म्हणजे समोरचा केकाटतो, तेही ते तिथेच शिकतं. महिन्याभरात तोडून आणलेलं पिल्लू पुढे हात फोडतं, त्यात त्याचा दोष नसतो.

घर पिल्लाच्या उंचीवरून पाहावं, असं जाणकार सांगतात. आमच्या घरात त्या उंचीवरून पाहणारं माणूस आधीच होतं. सासूबाई दिवसभर जमिनीवर बसून असतात. धान्य पाखडणं, तुरीची डाळ निवडणं, वाती वळणं, सगळं खाली बसूनच. बाजेखाली काय घरंगळलं, कणगीमागे काय पडलं, हे उभ्यानं वावरणाऱ्या आम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतं. भुरी आली त्या दुपारी त्या छपरीत बसल्या होत्या. पिल्लू हुंगत हुंगत फवारणीच्या पंपाकडे निघालं आणि त्यांनी हाक मारली, "काऊन वं, थे औषीद अजून तिथंच हाय? हे लेकरू तं नाकानं पायते सारं!"

यांनी आतून उत्तर दिलं, "ठेवतो माय उचलून, उद्या ठेवतो."

"उद्या नाई. आत्ताच उचल."

तो कोपरा आम्ही त्याच दुपारी उपसला. आमचंच घर असं आहे असं नाही. कापूस पिकवणाऱ्या कुठल्याही घराच्या छपरीत हा कोपरा सापडेल. पाठीवरचा पंप, त्याची नळी, निम्म्या उरलेल्या बाटल्या, झाकण हरवल्यामुळे प्लास्टिकचा कागद बांधलेली एखादी, ढवळायची काडी, मापाचं टोपण, पाणी न्यायची बादली. त्या बादलीच्या काठावर औषधाचा पांढरट ओघळ वाळलेला होता. माणूस बादली कडीला धरून उचलतो, त्याचा हात त्या ओघळाला लागत नाही. पिल्लाचं नाक नेमकं त्याच उंचीवर येतं, आणि नाकामागोमाग जीभ. बाटल्यांवर रंगीत त्रिकोण असतात: लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आमच्या कोपऱ्यात लाल होता, पिवळाही होता. मागे पोत्याच्या घडीत फोरेट या कीटकनाशकाच्या दाण्यांची जुनी पुडी निघाली. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात फोरेटवर बंदी आहे. पण बंदी दुकानात लागू होते, घरातल्या फळीवरची पुडी आपण उचलेपर्यंत तिथेच असते.

आमच्या जिल्ह्याला हे सांगायची गरज पडू नये. २०१७ च्या हंगामात फवारणी करता करता विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. तोंडाला फडकं बांधून फवारणारे ते धडधाकट लोक होते. दोन-अडीच किलोच्या पिल्लाला किती पुरेल? आणि दहा-बारा किलोच्या लेकराला? भुरीच्या निमित्तानं हा दुसरा प्रश्न घरात पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला. सगळं सामान आता पत्र्याच्या पेटीत, कुलपात, कोठ्यापासून वेगळ्या खोलीत आहे. चाऱ्याच्या वर नाही आणि धान्याच्या शेजारी तर नाहीच. पंप धुतलेलं पाणी अंगणात ओतायचं नाही. रिकाम्या बाटल्या उकंड्यावर टाकायच्या नाहीत, त्या भोकं पाडून वेगळ्या ठेवायच्या, कारण गावात त्यात रॉकेल आणि तेल भरून ठेवणारे आहेत.

उंदराच्या औषधाचं वेगळं सांगावं लागतं. काळपट राखाडी भुकटी, झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन वायू तयार होतो, आणि जीव घेतो तो वायू. धान्यात ठेवायच्या गोळ्यांतूनही तोच वायू निघतो. भुकटी पिठाच्या गोळीत तेल लावून ठेवतात, म्हणजे पिल्लासाठी ती चक्क खाऊच असते. आमच्या घरात आता उंदराला पिंजरा आहे. गावात कुणा जनावराला विषबाधा झाली की तूप पाजा, मिठाचं पाणी पाजा, असा गलका होतो. कळकळीनं पाजतात लोक. पण अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाच्या घशात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं, आणि मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरू शकतं. करायचं ते एवढंच: तोंडाशी राहिलेलं पुसायचं, जे खाल्लं त्याची पुडी किंवा बाटली खिशात घालायची, आणि वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा. पुडी पाहिली की डॉक्टरला कोणतं विष ते कळतं, निम्मा वेळ वाचतो.

सरकीच्या ढेपेबद्दल मात्र गावात कुणी सावध नसतं, कारण ती रोजची आहे. गाईसाठी भिजवलेल्या ढेपेच्या टोपल्यात पिल्लू तोंड घालतं, आणि पाहणारे कौतुकानं हसतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाय रवंथ करणारी, तिच्या मोठ्या पोटात ते बऱ्याच अंशी बांधलं जातं. कुत्र्याच्या पोटात तशी सोय नाही. एकदा चाटल्यानं काही होत नाही, पण रोज खात राहिलं तर ते हृदयावर जातं. ढेप आता आम्ही उंच गव्हाणीत देतो आणि टोपलं लगेच पालथं घालतो.

त्या दिवसांत घरात कापूसही होता. भाव येईपर्यंत पुढची खोली छातीएवढी भरलेली. पिल्लाला त्या ढिगाइतकं सुख कुठे नाही. भुरी त्यात शिरायची, नुसतं नाक बाहेर. कापूस मऊ असला तरी त्यात काय नसतं! बोंडांची टोकदार कवचं, वाळलेला पातीचोळा, पोती शिवायचं दाभण, सुतळीचे तुकडे. सुतळी गिळली की ती आतड्यात अडकते आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. त्यात कुणी ढिगावर पोतं टाकलं, तर खाली पिल्लू आहे हे दिसणारही नाही. दाराला गुडघाभर उंचीची फळी आडवी लावली, काम झालं. दाभणाची जागा भिंतीतल्या देवळीत ठरली. वापरलं की तिथेच.

थंडी पडली आणि चुलीचा प्रश्न आला. गावातलं पिल्लू हिवाळ्यात राखेत झोपतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, पेटलेली. पहाटे विझते, वरची राख कोमट राहते, पण आत निखारा जिवंत असतो. सकाळी अंगावर जळाल्याचे चट्टे घेऊन उठलेली पिल्लं मी लहानपणापासून पाहत आले. चुलीच्या तोंडाला आम्ही पत्रा लावला. पण नुसता पत्रा लावून भागत नाही, पिल्लाला ऊब कुठेतरी हवीच. एक जागा बंद केली की दुसरी उघडून द्यावी लागते, नाहीतर ते तिसरीच शोधतं, आणि ती बहुतेक ट्रॅक्टरच्या खाली असते. जुन्या पोत्यात कुटार भरून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून दिलं, चुलीची धग भिंतीच्या पलीकडून येते तिथे. दोन रात्रींत तिनं ती जागा आपली केली. रात्री दार लावून ती आत असते, त्यामुळे बिबट्याचीही काळजी नाही.

गाडीखाली येणं ही भीती शेजाऱ्यांनी घातली होती आणि ती खोटी नाही. पण ज्या गाडीखाली पिल्लू येतं, ती बऱ्याचदा घरचीच असते. ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी खाली वाकून पाहायचं, बोनेटवर दोनदा थाप मारायची, हा नियम आता आमचा सालदारही पाळतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये टाकायचं हिरवं कूलंट चवीला गोड असतं, आणि त्यातल्या ग्लायकॉलनं कुत्र्याची किडनी निकामी होते. खाली गळलेलं दिसलं की पुसून त्यावर माती टाकून ती उचलायची.

आता रोगांचं. आमच्या आळीत मागच्या वर्षी एका घरची पिल्लं रक्ताच्या हगवणीनं गेली. तो बहुधा पार्वो असावा. लक्षणं तीच होती, उलट्या, रक्ताची घाण वासाची हगवण, आणि दोन दिवसांत पिल्लू कातडीला चिकटलेलं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ज्या अंगणात पिल्लू मेलं, तिथेच लगेच दुसरं आणू नये, आणि लसी पूर्ण होईपर्यंत आपलं पिल्लू गावभर फिरवू नये. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतली तर विषाणू मरतो, पण मातीच्या अंगणाला ते जमत नाही. तिथे ऊन आणि वेळ हेच काम करतात. सासूबाईंचं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, गाडगेबाबांच्या मुलखातलं. झाडलेलं अंगण हा त्यांच्यासाठी धर्मच आहे. पिल्लाची घाण पडल्या पडल्या उचलून खड्ड्यात टाकायची शिस्त त्यांनी लावली. जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, आणि त्या जंतांची अंडी मातीतून लेकरांच्या हातांवर येतात, त्यामुळे ही शिस्त आणि जंताचं औषध, दोन्ही सारखीच गरजेची.

पार्वोची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत देतात. गावाकडे खरी अडचण थंडाव्याची. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारच्या उन्हात आणलेली कुपी टोचून उपयोग नसतो. लस दिल्याचं समाधान मिळतं, पिल्लाला संरक्षण मिळत नाही. आम्ही चहाच्या थर्मासमध्ये बर्फ घातला, कुपी कागदात गुंडाळून छोट्या डबीत, डबी थर्मासमध्ये, आणि सकाळी सातला तालुक्याहून निघून थेट डॉक्टरांकडे. नुसत्या बर्फावर ठेवली तर कुपी गोठते, तेही चालत नाही. या लसीत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाचाही भाग असतो. जंगलाशेजारी राहणाऱ्यांनी तो सोडू नये असं मला फार वाटतं. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आपल्या कुत्र्याला लस दिली तर त्या झुडपांपलीकडच्या रानकुत्र्यांना आणि वाघांनाही थोडा आधार होतो.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. "एवढंसं पिल्लू, त्याले कायचा रेबीज?" असं मी ऐकलंय, आणि दर वेळी थांबून सांगितलंय. पिल्लालाही होतो. त्याचा दात लागला, ओरखडा उठला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मिरची किंवा चुना भरायचा नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. भुरीच्या खेळातल्या दातांसाठीही मुलाला आम्ही हेच शिकवलं. १५ मिनिटं त्याला फार लांब वाटतात, म्हणून सासूबाई शेजारी उभ्या राहून हरिपाठ म्हणतात.

दुधाचे दात पडून पक्के यायला लागतात ते चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, आणि तेव्हा पिल्लाला जे दिसेल ते चावावंसं वाटतं. भुरीचा हा काळ होळीपर्यंत चालला, म्हणजे आमच्याकडे कुलर माळ्यावरून खाली येतात तोवर. कुलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात प्रत्येक उन्हाळ्यात वाचायला मिळतात. ओली फरशी, जमिनीवरून गेलेली वायर आणि हिरड्या शिवशिवणारं पिल्लू, यांची गाठ पडू द्यायची नाही. वायर प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीच्या कडेनं वर नेली, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग तपासून घेतलं, आणि पाणी भरताना बटण बंद. चावायला तिला गार गाजर. रविवारी कोंबडीची हाडं मात्र नाहीत. शिजलेलं हाड उभं चिरतं आणि त्याच्या सळया पोटात रुततात. आणि लंगडताना दिसली म्हणून आपली अंगदुखीची गोळी मोडून देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, किडनी बिघडवतात.

वावरात नेताना विहिरीची भीती सगळ्यांना असते, शेततळ्याची कमी जणांना. विहिरीला पायऱ्या, कपारी काहीतरी असतं. शेततळ्याला गुळगुळीत प्लास्टिकचा कागद. पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही, नखं घसरत राहतात, आणि दमून बुडतं. आमच्या तळ्याला कुंपण आहे, तरी चारही बाजूंनी काथ्याच्या जाड दोरांची जाळी पाण्यात सोडून ठेवली आहे. पिल्लूच काय, हरीण पडलं तरी पाय रोवायला जागा मिळावी.

परवा संध्याकाळी आळीतलं एक जोडपं आलं. त्यांच्या धाकट्याला पिल्लू हवंय, भुरीच्या मावशीची वीण आहे, आणायचं का, काय काय लागेल? दूध, पट्टा, साखळी अशी त्यांची यादी तयार होती. मी विचारलं, पेरणीचं बियाणं आणलं का आणि ठेवलं कुठे? हल्लीचं बियाणं औषध चोळलेलंच येतं, गुलाबी-निळं, लेकरांना गोळ्यांसारखं दिसणारं. वहिनी म्हणाल्या, "ठेवलं ना जी, पिठाच्या डब्यावरच्या फळीवर. हाताशी ऱ्हायते."

तसेच उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. बियाण्याच्या पिशव्या, त्यामागची कीडनाशकाची बाटली, उंदराची पुडी, सगळं फळीवरून उतरवलं आणि दिवे लागायच्या आत त्यांच्या जुन्या लग्नाच्या पेटीत कुलपात घातलं. किल्ली वहिनींनी कमरेला लावली. पिल्लू पुढच्या आठवड्यात येणार आहे, आणि सासूबाईंनी त्यांच्या चुलीचा पत्राही बघायला सांगितलाय.